वृत्तसंकेतस्थळे : वाचकाचा वाटा किती?

वृत्तपत्र हे लोकशिक्षणाचे साधन आहे, हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो. आता वृत्तपत्राची जागा मोबाईलवरच्या वृत्तसंकेतस्थळाने बऱ्याच अंशी घेतली आहे. पण त्याची पारख कशी करावी हे मात्र कोणी शिकविले नाही. 'सर्वांत आधी बातमी' आणि 'वाचकांशी थेट संवाद' ही या मंडळींची दोन अभिवचने. पहिले बहुधा खरे असते. दुसऱ्याविषयी मला शंका आहे.

मजकुराची परीक्षा तशी अवघड नाही. बातमीला गाव आणि तारीख आहे काय, 'असे समजते' म्हणजे कोणाकडून समजते, मथळ्यात उभा केलेला प्रश्न खाली सुटतो काय, आणि बातमीच्या वेषात जाहिरात तर आलेली नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. आपल्याला येथे आणखी एक सोय आहे. या अंकाच्या दोन्ही विभागांचे वाचक मराठी आणि कन्नड दोन्ही थोडेफार वाचतात. एकाच मोर्चाची बातमी दोन्ही भाषांत वाचून पाहावी. गर्दीचा अंदाज बदलतो, घोषणा बदलतात, शहराचे नावसुद्धा एकीकडे बेळगाव तर दुसरीकडे बेळगावी असते. नावावरून रागावण्यापेक्षा कोणी काय गाळले ते पाहावे. पुण्याच्या किंवा म्हैसूरच्या वाचकाला ही परीक्षा इतक्या सहजी घेता येणार नाही!

संवादाचे प्रकरण निराळे. 'तुमचा कौल' म्हणून जे काही असते, त्यात जो येईल त्याने मत द्यायचे, आणि दोन मोबाईल असतील तर दोनदा द्यायचे. त्यापेक्षा देवळातला कौल बरा. प्रतिक्रियांच्या चौकटीत सारा वाचकवर्ग बोलतो हाही एक गोड समज आहे. अमेरिकेतील एन. पी. आर. या सार्वजनिक नभोवाणी संस्थेने ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील प्रतिक्रिया बंद केल्या, तेव्हा आदल्या महिन्याचा हिशेबही मांडला. वाचक सुमारे ३ कोटी ३० लाख, प्रतिक्रिया ४ लाख ९१ हजार, आणि त्या लिहिणारे अवघे १९ हजार ४००! म्हणजे माणशी पंचवीस. बाकीचे कोट्यवधी लोक मुकाट्याने वाचून गेले.

माझ्या मते खरा संवाद एकाच ठिकाणी दिसतो. वाचकाने 'हे चुकले आहे' असे कळविले, तर पुढे काय होते? छापील अंकातली चूक पुसता येत नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात का होईना शुद्धिपत्र द्यावे लागते, आणि आदला अंक वाचनालयाच्या फायलीत साक्षीला असतो. संकेतस्थळावर चूक गुपचूप बदलते. मागील पावसाळ्यात एका संकेतस्थळाने राकसकोप जलाशय भरल्याचे सकाळीच जाहीर केले. त्या बाजूच्या गावात राहणारा माझा मित्र पाणी डोळ्यांनी पाहून आला होता. जलाशय भरायला अजून अवकाश होता. त्याने तसे कळविले. दुपारी मथळा बदलला, पण बदलल्याची एक ओळ नाही. मित्राला उत्तर आले ते असे : आपल्या प्रतिक्रियेबद्दल आभार, आम्हाला किती तारे द्याल?

पाण्याच्या बाबतीत हे हसण्यावारी नेता येईल. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून प्रकरण चिघळले आणि दोन्ही राज्यांमधील बसगाड्या थांबल्या, ते दिवस आठवावेत. अशा वेळी सकाळी चुकीचा मथळा वाचून जो घराबाहेर पडला, त्याला दुपारची दुरुस्ती कोण सांगणार? त्याने तो मथळा तोवर दहा जणांना धाडलेला असतो.

घाईत चुका होणारच, माणसे थोडी असतात, हे मला मान्य आहे. पण ज्या वेगाने बातमी घालता येते त्याच वेगाने दुरुस्तीही घालता येते. लंडनच्या 'गार्डियन'ने १९९७ मध्ये वाचकांच्या तक्रारी पाहण्यासाठी स्वतंत्र संपादक नेमला. आपल्याकडे 'हिंदू'ने २००६ मध्ये तसेच केले. छोट्या संकेतस्थळाला एवढा खर्च झेपणार नाही. बातमीच्या तळाशी 'अमुक वाजता अमुक मजकूर बदलला' ही ओळ घालायला मात्र पैसे पडत नाहीत.

महाविद्यालयाच्या वाचनकक्षात एक वही ठेवावी, असे मी सुचवितो. जून ते सप्टेंबर चार महिने, सकाळचा मथळा आणि संध्याकाळचा मथळा तारीखवार उतरवून घ्यायचा. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. कन्नड विभागातील दोघे मित्र तयार आहेत. मराठीचे पान मी लिहीन, पण रविवारी माझ्याऐवजी कोणीतरी हवे आहे.