मोडलेलें वचन आणि खोटें वचन

विवाहावांचून एकत्र राहिलेलीं दोघें विभक्त होऊन त्यांचें भांडण नागपूर खंडपीठापुढें गेलें, कीं आमच्या ओसऱ्यांवर 'आरोप खोटाच' हा निकाल आधीं लागतो. आम्हांस ही घाई रुचत नाहीं. महाराष्ट्रांतीलच एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलें कीं, दिलेलें वचन पुढें मोडणें निराळें, आणि पाळावयाचें मुळींच मनांत नसतां देणें निराळें. गुन्हा दुसऱ्यांतच, आणि त्या वचनामुळेंच स्त्री राजी झाली असेल तर. जुलै २०२४ पासून न्याय संहितेचें ६९ वें कलम अशा फसवणुकीस दहा वर्षांपर्यंत कैद सांगतें. पण मनांतला हेतु सिद्ध करणें कठीण. तोंवर निर्दोष तरुणाचीही नोकरी जाते, हें खरेंच. परंतु तो सुटला म्हणून मुलगी लबाड ठरत नाहीं. निर्वाहासाठीं २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. तेथें संबंध विवाहासारखा होता का, हेंही पाहतात.