‘खोलीचे तापमान’ म्हणजे किती अंश?

कर्करोगाच्या पेशींवर विद्युत्स्पंदांचे प्रयोग करणाऱ्या आमच्या बंधुभगिनींकडून प्रसिद्धीसाठी जी टिपणे येतात, त्यांत स्पंदाची उंची, रुंदी, संख्या आणि दोन स्पंदांमधील अंतर यांचा तपशील इतक्या काटेकोरपणे दिलेला असतो की वाचताना समाधान वाटावे, परंतु ज्या द्रवात त्या पेशी तरंगत होत्या, तो द्रव त्या क्षणी किती अंशांवर होता, या साध्या प्रश्नाला उत्तर म्हणून बहुधा एकच वाक्य हाती लागते : “सर्व प्रयोग खोलीच्या तापमानाला करण्यात आले.” मे महिन्यातील नागपूरची खोली आणि जानेवारीतील महाबळेश्वरची खोली यांना एकाच शब्दात बसवणारी ही वहिवाट आता मोडली पाहिजे, असे आम्हांस निश्चितपणे वाटते.

या शास्त्राचा सारा मानमरातब एका दाव्यावर उभा आहे : विद्युत्क्षेत्र पेशीपटलाला छिद्रे पाडते, आणि हे कार्य उष्णतेवाचून घडते. १९६७ साली सेल आणि हॅमिल्टन यांनी जिवाणू व यीस्ट यांवर तीव्र विद्युत्क्षेत्राचा मारा केला, तेव्हा पेशींचा मृत्यू तापमानवाढीने वा विद्युद्विघटनातून निघालेल्या द्रव्यांनी होत नाही, याची खातरजमा करणे हे त्यांनी आपल्या कामाचे अंगच मानले होते. पुढे फ्रान्समध्ये लुई मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लिओमायसिनसारख्या, एरवी पेशीत क्वचितच शिरणाऱ्या, औषधाला या छिद्रांतून वाट करून दिली आणि त्याची मारकशक्ती शेकडो पटींनी वाढते हे दाखवले; आणि २००५ साली डॅव्हॅलोस, मीर व रुबिन्स्की यांनी औषधावाचून, केवळ स्पंदांच्या बळावर, उष्णतेची इजा न करता अर्बुदाची ऊती नष्ट करता येईल असा हिशेब मांडला. रक्तवाहिन्या व नलिका यांची चौकट शाबूत राखून तिच्या शेजारचे अर्बुद नष्ट करता यावे, ही स्वादुपिंड व यकृत यांच्या रुग्णांबाबतची आशा याच हिशेबातून जन्मली. म्हणून ज्या प्रयोगात तापमान मोजलेले नाही, त्या प्रयोगात पेशी मेल्या एवढेच सिद्ध होते. त्या कशाने मेल्या, हे सिद्ध होत नाही.

हा जमाखर्च कागदावर मांडायला पाच मिनिटेही लागत नाहीत. माध्यमाची वाहकता, विद्युत्क्षेत्राचा वर्ग आणि स्पंदाची मुदत यांचा गुणाकार म्हणजे दर घनमानात ओतलेली ऊर्जा. नेहमीच्या संवर्धन-माध्यमाची वाहकता दर मीटरला सुमारे १.५ सिमेन्स धरली, क्षेत्र दर सेंटिमीटरला १००० व्होल्ट आणि स्पंद १०० मायक्रोसेकंदांचा घेतला, तर दर घनसेंटिमीटरला १.५ जूल पडतात. पाण्याला एक अंश तापायला सुमारे ४.२ जूल लागतात, म्हणजे एका स्पंदाने साधारण ०.३६ अंशाची वाढ. आठ स्पंदांच्या रूढ विद्युत्-रसायनोपचारात ही वाढ तीन अंशांच्या आतच राहते, आणि आरंभीचे तापमान ठाऊक असेल तर तिच्यापासून भय नाही. पण तेच क्षेत्र १५०० व्होल्टवर नेले आणि स्पंदांची संख्या ९० केली, की उष्णतेला बाहेर पडायला वाव नसल्यास ही बेरीज सत्तर अंशांच्या पलीकडे जाते! प्रत्यक्षात पेशी ठेवण्याच्या पात्राची, म्हणजे क्युव्हेटची, ॲल्युमिनियमची विद्युदग्रे बरीचशी उष्णता ओढून घेतात, आणि सेकंदाला एक स्पंद दिल्यास मधल्या काळात द्रव काहीसा निवतो, हे खरे. पण तो किती निवला हे मापनावाचून कोण सांगणार? शिवाय द्रव तापला की त्याची वाहकता दर अंशाला सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, वाहकता वाढली की त्याच व्होल्टेजला प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की द्रव अधिक तापतो. नॅनोसेकंद स्पंदांवर काम करणाऱ्यांनीही आपण या हिशेबातून सुटलो असे समजू नये. दर सेंटिमीटरला ४० किलोव्होल्टचा ३०० नॅनोसेकंदांचा एकच स्पंद याच माध्यमाला पावणेदोन अंशांच्या आसपास तापवतो, कारण गुणाकारात क्षेत्राचा वर्ग येतो आणि मुदत मात्र एकपटच येते.

यापुढची बाब अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या मते तिच्याकडेच सर्वांत जास्त हयगय झाली आहे. ऊतक करपेल इतके तापमान चढले नाही म्हणजे प्रयोग शुद्ध झाला, असा समज रूढ आहे. तो बरोबर नाही. पेशीपटल हा स्निग्ध पदार्थाचा थर आहे. थंडीत तो ताठरतो, उबेत सैल होतो, आणि त्यामुळे त्याला छिद्र पडण्यासाठी लागणारे क्षेत्रही सामान्यतः बदलते. पडलेली छिद्रे ३७ अंशांवर काही मिनिटांत बुजू लागतात, तर बर्फावर ती दीर्घकाळ उघडी राहतात. तेव्हा उघड्या छिद्रांतून पेशीत शिरणारे प्रोपिडियम आयोडाइड हे रंगद्रव्य स्पंदानंतर पाचव्या मिनिटाला घातले की पंधराव्या, याला तापमान ठाऊक असल्याशिवाय काही अर्थच उरत नाही. आणि औषधाचे काय? हान आणि सहकाऱ्यांनी १९७५ सालीच दाखवले आहे की ४२ ते ४३ अंशांच्या उष्णतेत ब्लिओमायसिनची मारकता स्वतःच वाढते. म्हणजे जिचे सारे श्रेय आपण स्पंदाच्या पदरी टाकतो, त्या मारकतेचा काही अंश नुसत्या उबेचा असू शकतो, आणि आपल्या दप्तरात त्याची नोंदच नसते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या प्रयोगांत सकाळच्या पेशी जगत आणि दुपारच्या मरत. स्पंद तेच, पेशी त्याच, हातही तोच. आम्ही स्पंदजनकावर संशय घेतला आणि दोन आठवडे ऑसिलोस्कोपसमोर बसून स्पंदांचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले. त्यांत तसूभरही फरक नव्हता. अखेर एका दुपारी, भारनियमनाने वातानुकूलन बंद पडले असता, तिने सहज बफरच्या बाटलीत तापमापी बुडवली. सकाळी शीतकपाटातून काढून मेजावर ठेवलेली ती बाटली चौतीस अंशांवर गेली होती. सकाळच्या पहिल्या क्युव्हेटवर दव धरत असे, इतके की ठिणगी पडू नये म्हणून ती टिपकागदाने पुसून घ्यावी लागे, आणि ते दव आम्ही रोज डोळ्यांनी पाहत होतो. पण दवाला तापमानाची साक्ष म्हणून वाचण्याची बुद्धी आम्हांला झाली नाही. कसूर यंत्राची नव्हती, मार्गदर्शकाची होती.

मापनाची अडचण खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. धातूचा थर्मोकपल स्पंदाच्या क्षेत्रात ठेवला तर तो क्षेत्रही विसकटतो आणि स्वतःच्या वाचनातही गोंधळ घालतो. अवरक्त कॅमेऱ्याला पृष्ठभागच तेवढा दिसतो. प्रकाशतंतूची तापमापी विद्युद्रोधक असल्यामुळे या कामाला सर्वांत योग्य. तिची किंमत लहान प्रयोगशाळांना जड जाते, पण एकाच विभागातील तीन गटांनी मिळून एक घेण्याची तजवीज करता येण्यासारखी आहे. तीही नसेल, तर पहिल्या व शेवटच्या स्पंदाच्या प्रवाहाची तुलना करावी : विरळ पेशींच्या निलंबनात प्रवाह वीस टक्क्यांनी चढला असेल, तर द्रव सुमारे दहा अंशांनी तापला असे अनुमान निघते. दाट निलंबनात वा ऊतीत मात्र छिद्रित पेशीच वाहकता वाढवतात, म्हणून तेथे या युक्तीवर विसंबू नये.

आणि मोजलेला आलेख नुसता जपून ठेवू नये. स्पंदांविना, केवळ जलपात्रातील उष्णतेने, तोच चढ आणि तोच उतार दुसऱ्या पेशीगटाला देऊन पाहावे. ४३ अंशांच्या वर दर अंशाला उष्णतेची इजा घडायला लागणारा वेळ निम्मा होतो, हे सापारेटो व ड्यूई यांनी १९८४ साली मांडलेले सूत्र हाताशी आहेच. ४३ अंशांवरचा एक तास ४७ अंशांवर पावणेचार मिनिटांत भरतो. हा तुलनागट नसताना ‘अनौष्णिक’ हे विशेषण शीर्षकात घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा येत्या अंकापासून या मासिकाकडे येणाऱ्या प्रत्येक प्रयोगवृत्तांतात स्पंदापूर्वीचे नमुन्याचे तापमान, स्पंदमालिकेच्या अखेरीचे तापमान, ते कोणत्या साधनाने मोजले हे, आणि स्पंदानंतर पेशी किती वेळ किती अंशांवर ठेवल्या हे, अशा चार नोंदी असाव्यात, अशी सर्व लेखकांना विनंती आहे. “खोलीच्या तापमानाला” एवढाच उल्लेख असलेली टिपणे दुरुस्तीसाठी परत पाठवली जातील.