घर पडेपर्यंत थांबा

तीन आकडे लक्षात ठेवा: ४,०००, ६,५०० आणि १,२०,०००.

पावसात तुमच्या कच्च्या घराची भिंत खचली आणि पंचनाम्यात किमान १५ टक्के नुकसान लिहिलं गेलं, तर आपत्ती निधीच्या २०२२-२६ च्या केंद्रीय दरांनुसार तुम्हाला चार हजार रुपये मिळतात. घर पक्कं असेल तर साडेसहा हजार. आणि घर पूर्ण पडलं किंवा राहण्याजोगं उरलंच नाही, तर सपाट भागात एक लाख वीस हजार. राज्य सरकार एखाद्या वर्षी यात भर घालतं, पण जिन्याची रचना तीच राहते. खाली एक पायरी, मग थेट गच्ची. मधल्या पायऱ्या कोणी बांधल्याच नाहीत.

आता हेच आकडे घरमालकाच्या जागी बसून वाचा. भिंतीला भेग गेली आहे, कोपरा सुटत चाललाय. चार हजारांत सिमेंटच्या दहाएक बॅगा येतात. रेती, मिस्त्रीची मजुरी, छताला टेकू द्यायच्या बल्ल्या, सगळं वेगळं. नुकसान चौदा टक्के भरलं तर तेही नाही. म्हणजे सरकार सांगतंय, अर्धवट पडू नका, पडायचं तर पुरते पडा.

हे कोणी मुद्दाम लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण वर्षानुवर्षं तसंच ठेवलंय, ते मुद्दामच म्हणायला हवं. घर बांधायला नियम आहेत, घर पडल्यावर नियम आहेत, आणि घर उभं ठेवायचं म्हटलं की सगळी दफ्तरं बंद. दुरुस्तीला पैसा नाही, दुरुस्ती येणाऱ्या माणसाकडे कागद नाही, आणि वर जो दुरुस्ती करतो त्याला शिक्षा. शिक्षा कशी, ते पुढे येईलच.

बुलढाणा जिल्हा घेतो, कारण या एका जिल्ह्यात दोन प्रदेश आहेत. घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर, म्हणजे पूर्णेचं खोरं. घाटाखालची काळी माती पिकाला सोनं आणि घराला वैरी. उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात फुगते आणि उथळ पाया वर ढकलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली चीर दिसली की समजावं, भिंतीचा दोष कमी आणि जमिनीचा जास्त. वरून गिलावा मारून ती बुजत नाही, पुढच्या पावसाळ्यात परत उघडते.

त्यात याच खोऱ्यात खारपाणपट्टा. काँक्रीटची भारतीय मानक संहिता, आयएस ४५६, सांगते की सळईच्या काँक्रीटमध्ये वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. क्षार सळई आतून कुजवतात, आणि सळई गंजून फुगली की काँक्रीटच्या खपल्या पडतात. आता सांगा, घरकुलाचा कॉलम भरताना बोअरचं पाणी कोण तपासतं? घरकुलाचे हप्ते सुटतात ते जिओटॅग केलेल्या फोटोवर. पाया झाला, फोटो. भिंत झाली, फोटो. फोटोत सळई दिसते, तिच्यावर ओतलेल्या पाण्यातलं मीठ दिसत नाही.

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत पुराचं पाणी गावांत शिरलं. अशा पुरानंतर पंचनामे होतात, आणि ते करतात तलाठी आणि ग्रामसेवक. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. पदांची दुरुस्ती मात्र वेळेवर झाली.) या माणसांचं काम जमिनीच्या नोंदी आणि गावाचा कारभार. भिंत पाण्याने फुगलीय की पाया सरकलाय, घर आज रात्री झोपण्यासारखं आहे की नाही, हे ओळखायला त्यांना कोणी शिकवलेलं नाही. तरी एका कुटुंबाला चार हजार की सव्वा लाख, हे त्यांच्या नजरेच्या अंदाजावर ठरतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. कंपाउंडरच्या हातात सुरी देऊन ऑपरेशन करायला सांगणाऱ्याला दोष द्या.

आता कच्चं आणि पक्कं. हे दोन शब्द आपण सहज वापरतो, पण सरकारी फॉर्मवर यांच्याइतका महाग शब्द दुसरा नाही.

वऱ्हाडातलं धाब्याचं घर आठवा. नसेल पाहिलं तर आजीला विचारा. लाकडी खांब, त्यांवर तुळया, त्यांवर लाकडाचा किंवा काड्यांचा थर, आणि वर मातीचा जाड थर. भिंती दीड-दोन फुटांच्या, आतून-बाहेरून माती, शेण आणि कुटाराचा लेप. मृग लागण्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची, चोपायची, पन्हाळी मोकळी करायची. घर दरवर्षी थोडं नवं होत होतं. मे महिन्यात घाटाखाली ४५ अंशांच्या आसपास पारा जातो तेव्हा असं घर आतून थंड असतं. जनगणनेच्या व्याख्येत मात्र मातीची भिंत म्हणजे कच्ची. आणि पक्क्या छपराच्या यादीत काय आहे? काँक्रीट, दगड, वीट, आणि टिनपत्रा. तोच पत्रा, जो दुपारी तव्यासारखा तापतो आणि वळवाच्या वादळात शेजारच्या वावरात जाऊन पडतो. नियम धाब्यावर बसवणे हा वाक्प्रचार आपल्याकडे जुना आहे. इथे नियमाने धाब्यालाच बसवलं.

आणि हीच ती शिक्षा. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या मार्गदर्शक सूचनांनुसार ज्यांचं छत पक्कं किंवा भिंत पक्की, ते यादीतून गाळले जातात. समजा, एका बाईने बचत गटातून कर्ज काढलं आणि खचलेली मातीची भिंत विटांनी बांधून घेतली, वर पत्रे टाकले. पोरं पावसात भिजू नयेत एवढाच हेतू. ती आता पक्क्या घरात राहते. शेजारच्याने काहीच केलं नाही, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली तीन पावसाळे काढले, तर त्याचं नाव यादीत राहतं. शेजाऱ्यावर माझा राग नाही, त्याला घर मिळालंच पाहिजे. पण जिने आपलं घर सावरलं तिला आपण काय शिकवलं? हात लावू नको, सरकार येईल.

गंमत म्हणजे याच मार्गदर्शक सूचना पक्क्या घराची व्याख्या करताना सिमेंटचं नाव घेऊन अडून बसत नाहीत. नीट देखभाल केली तर किमान ३० वर्षं टिकेल आणि स्थानिक हवामान सोसेल ते पक्कं, असा तिचा आशय आहे. ‘देखभाल’ हा शब्द कागदावर आहे. त्यासाठी योजनेत पैसा नाही. घर बांधून झाल्याचा शेवटचा फोटो अपलोड झाला की ते घर सरकारच्या लेखी पूर्ण होतं, आणि घर काही पूर्ण होणारी गोष्ट नाही, हे धाब्यावर दरवर्षी माती टाकणाऱ्या माणसाला माहीत होतं.

परवानगीचं पाहू. फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने मोठी सवलत जाहीर केली. ग्रामीण भागात ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचना विभागाकडे जायची गरज नाही. १,६०० फुटांपर्यंत परवानगीच नको, ग्रामपंचायतीत कागद सादर करा आणि शुल्क भरा. त्याच्या वर ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र द्यायचं. निर्णय चांगला होता, तसं म्हणायला मला अडचण नाही. पण सादर करायच्या कागदांची यादी वाचा. मालकीचा पुरावा, मोजणी नकाशा, इमारतीचा आराखडा, आणि हे सगळं नियमावलीप्रमाणे आहे असं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र. गावठाणातल्या कित्येक घरांच्या मालकीला ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नव्हता, आणि तो उतारा कर आकारणीचा, मालकीचा नव्हे. ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना आली तीच २०२० मध्ये. आणि परवानाधारक अभियंता बसतो शहरात. त्याने वाडीवर येऊन जागा पाहावी ही अपेक्षा, आणि शिक्का मारून द्यावा ही सोय. आपल्याकडे सोय जिंकते.

दुरुस्तीची अवस्था उलटी. कौलं बदलणं, गिलावा, पडलेला दगड परत बसवणं यांना साधारणपणे परवानगी लागत नाही, आणि लागूही नये. पण परवानगी नको याचा अर्थ सल्ला नको असा आपण करून टाकला. त्यामुळे मातीच्या भिंतीवर सर्रास सिमेंटचा गिलावा मारला जातो. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही, माती आतून भुसभुशीत होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा थराथराने सुटतो. त्याहून भयंकर म्हणजे मातीत रचलेल्या जुन्या दगडी भिंतींवर स्लॅब टाकणं. हे करू नका असं सांगणारा सरकारी माणूस गावात एकही नाही.

लोणारला याचं दुसरं टोक दिसतं. दैत्यसूदन मंदिर हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक, त्यामुळे २०१० च्या दुरुस्त कायद्यानुसार भोवतालच्या १०० मीटरमध्ये नवं बांधकाम बंद, आणि १६ जून १९९२ आधीच्या घराच्या दुरुस्तीलाही मंजुरी घ्यावी लागते. मंदिर जपायलाच हवं. पण मंदिराशेजारी राहणाऱ्याला घराच्या दुरुस्तीसाठी सरकार कागद मागतं, आणि त्याच तालुक्यातल्या वाडीवर भिंत कोसळायला आली तरी कोणी फिरकत नाही. दगडाच्या वयाची जेवढी काळजी, तेवढी माणसाच्या डोक्यावरच्या छपराची असती तर?

मग सल्ला देणार कोण? गावातला मिस्त्री. त्याने शंभर घरं बांधली, दोनशे सावरली. त्याच्याकडे कागद कोणता आहे? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी लागणारं, वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र. तेही ठेकेदाराने नाहीतर ग्रामसेवकाने द्यायचं, आणि सही करायला ग्रामसेवक कचरतात, कारण याने नव्वद दिवस काम केलं हे त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणजे राज्यातल्या गवंड्याच्या एकमेव ओळखीच्या कागदावर लिहिलेलं असतं की हा राबला. याला काय येतं, ते नाही. घरकुल योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आहे खरं. पण ते नवं घरकुल बांधता बांधता दिलं जातं. जुनी भिंत कशी वाचायची, हा अभ्यासक्रम नाही.

इथे कोणीतरी किल्लारी काढेल, आणि काढावीच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसं गेली ती मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद अंगावर येऊन. म्हणून कच्ची घरं पाडा, हा त्यातून काढलेला सोपा धडा. पण त्या भूकंपानंतर सरकारने नेमकं काय केलं, ते पुरतं सांगा ना. ५२ गावं हलवली, नवी वसवली. त्याहून कितीतरी जास्त गावांत लोकांची घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत केली, आणि अशा घरांचा आकडा लाखाच्या वर जातो. भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, कोपरे बांधा, माळवदावरची माती कमी करा. गवंड्यांना शिकवलं. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. इंजिनिअर काय म्हणतोय ते घरमालकिणीला समजावणं आणि तिला काय हवंय ते इंजिनिअरच्या कानावर घालणं, हे त्यांचं काम. त्याच १९९३ मध्ये मातीच्या घरांसाठी आयएस १३८२७ आणि कमी ताकदीच्या दगड-विटांच्या घरांसाठी आयएस १३८२८ ही मानकं निघाली. मातीचं घर सुरक्षित कसं करायचं, हे या देशाच्या मानक संस्थेने तीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तुम्ही ते फोनवर फुकट उतरवून घेऊ शकता. आणि तरीही आपला फॉर्म म्हणतो, माती म्हणजे कच्चं.

म्हणजे किल्लारीने दाखवलं ते असं: दुरुस्ती सरकारला जमते, फक्त आधी माणसं मरावी लागतात.

मागणी फार मोठी नाही. चार हजार आणि सव्वा लाखाच्या मधे दोन-तीन टप्पे आणा, आणि भेग पडली तेव्हाच पैसे द्या. पंचनाम्याला गावातला एक प्रमाणित मिस्त्री सोबत हवा, त्याचं मत त्याच्या सहीने नोंदवलं जावं आणि त्याचा मेहनताना सरकारने द्यावा. ते प्रमाणपत्र तालुक्याच्या आयटीआयने प्रत्यक्ष भिंतीसमोर परीक्षा घेऊन द्यावं, लेखी पेपर घेऊन नव्हे. दहावी नापास माणूस त्यात पहिला येऊ शकेल आणि आला पाहिजे. ज्याने स्वतःच्या पैशाने दुरुस्ती केली त्याला यादीतून गाळण्याचा नियम काढा. आणि खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक घरकुलामागे पाण्याची एक तपासणी, फोटोआधी.

यातलं बरंचसं दिल्ली-मुंबईच्या हातात आहे. पण गावात वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हाव्याच लागतात आणि तिथे तुम्हाला बोलता येतं. जाण्याआधी एक काम करा. घरातल्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, बाजूला तारीख टाका, पट्टी लावून फोटो काढा. महिन्याने परत काढा. भेग वाढतेय का ते कळेल, आणि पंचनाम्याच्या वेळी कोणाच्या अंदाजापेक्षा तुमचा पुरावा जड ठरेल. गल्लीतल्या दहा घरांचे असे फोटो घेऊन ग्रामसभेत बसा आणि दुरुस्ती अनुदानाचा ठराव मांडा. ठराव झाला की प्रत मागून घ्या, पंचायत समितीत द्या, आणि पोचेवर आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.