उभ्या पिकात कुळव कशाला?

वसंत ऋतू आला की आमच्या गोतावळ्यातल्या अमेरिकावासी मुलांना एक ज्वर चढतो. त्याचे नाव डीथॅचर! भाचा विचारतो, "मावशी, घेऊ का?" पुतण्या विचारत नाही, तो घेऊन मोकळा होतो आणि लॉनमधून उपसलेल्या गवताच्या सात पिशव्यांचा फोटो पाठवतो. माझा मुलगा न्यू जर्सीत असतो, तोही आता त्याच वाटेवर आहे. प्रत्येकाशी फोनवर वेगवेगळी हुज्जत घालण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. माझे म्हणणे असे, की न मोजता, न तपासता, केवळ शेजारी करतो म्हणून दर वसंतात हे यंत्र लॉनवर फिरवणे ही गवताची सेवा नाही. तो गवताचा छळ आहे. आणि ज्या दुखण्यावर ते औषध म्हणून विकत घेतले जाते, ते दुखणे बहुतेक वेळा आपणच पैसे खर्चून वाढवलेले असते.

आता पुण्या-साताऱ्याकडच्या मंडळींसाठी थोडा खुलासा. थॅच म्हणजे काय? आपण कोकणात पावसाळ्याआधी गवताने, पेंढ्याने घर शाकारायचो ना, त्या शाकारणीलाच इंग्रजीत थॅच म्हणतात. हिरवळीच्या हिरव्या पात्यांच्या खाली आणि मातीच्या वर मेलेल्या-जिवंत मुळांचा, काड्यांचा, जमिनीलगत सरपटणाऱ्या धाटांचा एक तपकिरी, स्पंजासारखा थर साठतो. जणू गवताने मातीलाच शाकारले! तो उपसून काढणारे यंत्र म्हणजे डीथॅचर. आपल्याकडचे दाताळे आठवा. ते विजेवर फिरणाऱ्या रुळाला लावा. बारा ते चौदा इंच रुंदीचे, तारेच्या लवचिक दातांचे, गवत कापायच्या यंत्रासारखे ढकलत न्यायचे, असे हे विजेचे दाताळे आहे.

यंत्राशी माझे वैर नाही, हे आधीच सांगते. पेट्रोलवाल्या धुडापेक्षा ते हलके, धूर नाही, आवाजही कमी. आणि हाताच्या दाताळ्याने दोनशे चौरस मीटर हिरवळ विंचरून बघा, दुसऱ्या दिवशी कंबर काय म्हणते ते कळेल. माझे भांडण आहे ते "दर वर्षी" ह्या दोन शब्दांशी.

मी काही शेतकी पदवीधर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झाले आणि चौतीस वर्षे शाळेत भूगोल आणि मराठी शिकवले. पण माहेर शेतकऱ्याचे. कुळव कधी घालतात हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळायचे. पेरणीआधी रान तयार करताना कुळव. उभ्या पिकात कुळव घालणाऱ्याला गावाने वेड्यात काढले असते. उभ्या पिकात कोळपे चालते, तेही दोन ओळींच्या मधून, पिकाला धक्का न लावता. लॉन हे तर बारा महिने उभे असलेले पीक आहे. त्यात दाते घालायचे असतील तर कारण तितकेच सबळ हवे.

मग सबळ कारण कोणते? ते मोजता येते. सुरी घ्यायची आणि हिरवळीत तीन-चार ठिकाणी केकच्या तुकड्यासारखी, बोटभर खोल फोड कापून वर काढायची. हिरवे संपते आणि माती सुरू होते त्या मधल्या तपकिरी थराला फूटपट्टी लावायची. अर्धा इंच, म्हणजे सव्वा सेंटिमीटरपर्यंत असेल तर फोड परत जागच्या जागी बसवा आणि चहा प्यायला या. तेवढा थर गवताला हवाच असतो. तो उन्हात मातीला तापू देत नाही, ओल धरतो, मुलांच्या पायाखाली गादीसारखा राहतो. थर त्याहून जाड झाला तरच तक्रार सुरू होते. पाणी मातीपर्यंत पोचत नाही, मुळे मातीत जायची सोडून त्या थरातच घर करतात आणि उन्हाळा कडक झाला की गवत पटकन माना टाकते. किडीला आणि बुरशीलाही आसरा मिळतो.

आता मुलांचे मुद्दे एकेक करून घेते. मुद्दा पहिला: "कापलेले गवत तसेच पडू दिले म्हणून थॅच साठते." हा गैरसमज इतका पसरलेला आहे की लोक दर शनिवारी कापलेले गवत पिशव्यांत भरून दारात ठेवतात. अरे, कापलेली पाती म्हणजे बहुतांश पाणी! ती काही आठवड्यांत कुजून मातीत मिसळतात. थर साठतो तो चिवट काड्यांचा, मुळांचा, धाटांचा, कारण ते लवकर कुजत नाही. कापलेली पाती तिथेच राहू दिली तर उलट नत्र मातीला परत मिळते, गवताच्या वर्षभराच्या गरजेच्या साधारण चौथ्या हिश्श्यापर्यंत. म्हणजे घरचे खत पिशवीत भरून फेकायचे आणि बाहेरचे खत पिशवीतून विकत आणायचे. ह्याला काय म्हणावे?

मुद्दा दुसरा: "सात पिशव्या निघाल्या, म्हणजे घाण होतीच ना?" ही पुतण्याची विद्वत्ता. लोखंडी फणीने केस विंचरले तर कोणाचेही केस निघतील, म्हणून त्याला टक्कल पडणारच होते असे ठरत नाही. ते दाते मेलेले आणि जिवंत असा भेद करत नाहीत. त्या पिशव्यांत धडधाकट रोपेही होती. फोटो मोठा करून पाहिला तर हिरवे दिसते.

मुद्दा तिसरा: "सगळे एप्रिलमध्येच करतात." सगळे करतात हे कारण मी सातवीच्या वर्गातही ऐकून घेत नव्हते. न्यू जर्सीसारख्या थंड प्रांतात केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, राय ही थंडीतली गवते असतात. त्यांचा खरा जोमाचा काळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. तेव्हा ओरबाडले तर जखम भरून यायला थंडीपूर्वी सवड मिळते. वसंतात ओरबाडून माती उघडी केली की तिथे आधी उगवते ते क्रॅबग्रास. आणि ते उगवू नये म्हणून मार्चअखेरीस औषध टाकलेले असेल तर त्याचा थर ह्याच दातांनी फोडला जातो. एका हाताने कुंपण घालायचे आणि दुसऱ्या हाताने तेच मोडायचे.

शिवाय सगळी गवते सारखी नसतात. केंटकी ब्लूग्रास (नाव केंटकी, पण मूळ युरोप-आशियाचे) जमिनीखालून फुटवे पसरवते, म्हणून त्यात थॅच साठते. टॉल फेस्क्यू आणि राय ही ठोंबाठोंबाने वाढतात, त्यांत सहसा साठतच नाही. डॅलसच्या भाच्याकडे बर्म्युडा ग्रास आहे. मंडळी, हे बर्म्युडा म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून आपली हरळी, गणपतीच्या दूर्वा! जी हरळी खणून खणून माझ्या वडिलांची हयात गेली, ती तिथे पैसे मोजून लावतात. ती वरून आणि खालून दोन्हीकडून पसरते, त्यामुळे भाच्याच्या हिरवळीत थर जाड असणे अगदी शक्य आहे. त्याने मोजावे, आणि जाड निघाला तर हरळी पूर्ण हिरवी होऊन जोमात आल्यावर, मे-जूनच्या सुमारास यंत्र जरूर फिरवावे. मात्र ह्यूस्टनकडच्या ज्या नातलगांकडे सेंट ऑगस्टिन गवत आहे त्यांनी फार जपून. त्याची धाटे मातीच्या वरच असतात, खालून फुटायला काही नसते. दात खोल गेले तर अख्खी हिरवळ चटईसारखी गुंडाळून हातात येईल.

आता मुख्य गोष्ट. हा थर जाड होतो कशाने? गवत जितक्या वेगाने काड्या-मुळे वाढवते, तितक्या वेगाने माती ती पचवू शकत नाही, म्हणून. गवत इतके का वाढते? कारण आपण त्याला नत्राचा मारा करतो आणि रोज संध्याकाळी थोडे थोडे पाणी शिंपडतो. माती का पचवत नाही? कारण ती तुडवून घट्ट झालेली असते, आंबट झालेली असते, आणि हुमणीसाठी टाकलेल्या काही औषधांनी तिच्यातली गांडुळेही कमी झालेली असतात. चार्ल्स डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खे पुस्तक लिहिले. काही ठिकाणी एका एकरात वर्षाला दहा टनांहून अधिक माती गांडुळे वर आणून टाकतात, असा हिशेब त्याने मांडला होता. ही फुकटची गडीमाणसे आपण मारायची आणि त्यांच्या जागी विजेचा गडी विकत आणायचा!

हे केवळ एका घराचे असते तर मी गप्प बसले असते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपग्रहाच्या छायाचित्रांच्या आधाराने, अमेरिकेतल्या सगळ्या हिरवळी मिळून सुमारे १,६३,८०० चौरस किलोमीटर भरतात असा अंदाज काढला होता. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून मोठे, दाणाही न देणारे शेत! त्याचे खत पावसाबरोबर ओढ्यात, खाडीत जाते. बार्नेगॅट बेची अवस्था पाहून न्यू जर्सीने २०११ साली कायदाच केला. घरमालकाने हजार चौरस फुटांना वर्षभरात ३.२ पौंडांहून जास्त नत्र घालायचे नाही, १५ नोव्हेंबर ते १ मार्च ह्या काळात खत टाकायचे नाही, आणि मातीपरीक्षणात गरज दिसल्याखेरीज स्फुरद घालायचे नाही. सरकारला लोकांच्या अंगणात डोकवावे लागले, ते उगीच नाही.

आणि आमच्या घरात काय चालले आहे? मुलगा आठवडाभर मरमर काम करतो. शनिवार लॉनचा. एकदा गवत पिवळे पडले तर वसाहतीच्या समितीचे पत्र आले, तेव्हापासून त्याने धसकाच घेतला आहे. औषध फवारले की दारात छोटी पाटी लागते, आणि सात वर्षांच्या नातीला सांगितले जाते, "आज तिकडे खेळायचे नाही." ज्या हिरवळीवर पोरीने अनवाणी पळायचे, तिच्याकडे तिने खिडकीतून बघायचे. मग ती हिरवळ राखली कोणासाठी? पत्र लिहिणाऱ्या समितीसाठी?

म्हणून माझ्या घरच्यांना आणि दारच्यांनाही सांगणे असे. आधी मोजा. मग मातीपरीक्षण करा. आम्लता जास्त निघाली तर सांगतील तेवढाच चुना घाला. खत कमी करा. पाणी रोज शिंपडू नका, आठवड्यातून एक-दोनदा पण खोल मुरेल असे द्या. गवत तीन इंचांच्या खाली कापू नका (भाच्याची हरळी ह्याला अपवाद, ती आखूडच बरी). सप्टेंबरात मातीत भोके पाडून गोळ्या वर काढणारे यंत्र, ज्याला कोअर एरेटर म्हणतात, ते एक दिवस भाड्याने आणा. त्या गोळ्या तिथेच फुटू द्या. त्यांतले जिवाणूच थराला खातात, घट्ट माती मोकळी होते ती वेगळीच.

एवढे करूनही थर अर्ध्या इंचाच्या वर असेल तर खुशाल विजेचे दाताळे काढा, मी अडवणार नाही. तेव्हा मात्र नीट करा. आधी गवत नेहमीपेक्षा आखूड कापा. माती ओलसर हवी, चिखल नको आणि खडखडीतही नको. पाण्याच्या कारंज्यांच्या तोट्यांपाशी खुणेच्या काड्या रोवा. दातांची उंची अशी ठेवा की ते मातीला नुसते शिवतील, नांगरणार नाहीत. वायर जाड आणि बाहेर वापरायची असावी, ती खांद्यावरून मागे टाका म्हणजे दातांखाली येणार नाही. दात साफ करायचे तर आधी प्लग काढा. निघालेला कचरा गोळा करून कंपोस्टात टाका (तणनाशक मारलेले नसेल तरच). उघड्या मातीवर लगेच बी टाका आणि ते रुजेपर्यंत हलके पाणी द्या, रोज शिंपडायचे दिवस तेवढेच. थर इंचाहून जाड असेल तर एका दिवसात सगळा उपसू नका, दोन हंगाम घ्या.

आणि पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. यंत्र घरात आहे म्हणून ते फिरवलेच पाहिजे असे नाही. आपल्या घरी पाटा-वरवंटा होता, म्हणून आपण रोज पुरण वाटत नव्हतो.

"मावशी, तुझे काहीतरीच" असे म्हणणाऱ्यांचे स्वागत आहे. वाद घालायला मी मोकळीच आहे, निवृत्त माणसाला दुसरे काय काम! फक्त येताना आपल्या हिरवळीतला थर किती निघाला तो आकडा घेऊन या. त्याशिवाय मी एक शब्द ऐकणार नाही.