किल्ली देताना ड्रग्जबद्दल कोण बोलणार?



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता सतरा वर्षांची होताहेत, त्यामुळे ग्रुपवर इन्शुरन्सची चर्चा जोरात आहे. ब्लॅक बॉक्स लावावा का, सेकंडहँड यारिस बरी की पोलो, मुख्य ड्रायव्हर म्हणून आईचं नाव टाकलं तर हप्ता कमी होतो का (टाकू नका, इथे ती फसवणूक धरतात). इतके मेसेज झाले, पण ड्रग्ज हा शब्द त्यात एकदाही आला नाही. दारूबद्दल निदान "आमचा पीत नाही हो" एवढं तरी कुणीतरी म्हणालं.

मी चार्टर्ड अकाउंटंट आहे, वकील नाही. पण नियम मुळातून वाचायची खोड आहे, म्हणून हा कायदाही वाचून काढला. माझं मत आधीच सांगते: कायदा चांगला आहे, कडक आहे, आणि अजून अर्धवट आहे. तो पुरा करायला आपण आवाज उठवला पाहिजे.

आधी इथे काय होतं? ड्रायव्हरने ड्रग घेतलंय आणि त्यामुळे त्याचा गाडीवरचा ताबा सुटलाय, हे दोन्ही पोलिसांना सिद्ध करावं लागायचं. दुसरी गोष्ट सिद्ध करणं महाकठीण. २ मार्च २०१५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये रोड ट्रॅफिक ॲक्टमध्ये नवीन कलम लागू झालं: रक्तात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं की गुन्हा, गाडी सरळ चालवत होतात की वाकडी हा प्रश्नच नाही. नंतर घेतलेलं अँफेटामिन धरून यादीत १७ पदार्थ आहेत. स्कॉटलंडमध्ये असा कायदा ऑक्टोबर २०१९ मध्ये आला.

यादीची दोन खाती आहेत. एका खात्यात गांजा, कोकेन, एमडीएमए, केटामिन वगैरे. इथे मर्यादा जवळजवळ शून्य. गांजातल्या टीएचसीची लिटरभर रक्तात २ मायक्रोग्रॅम. आमच्या ऑडिटमध्ये रक्कम क्षुल्लक असली की सोडून देतात, इथे तसं नाही. कोकेनचं तर शरीरात विघटन होऊन जे उरतं त्याचीही वेगळी मर्यादा आहे. म्हणजे शनिवारी रात्रीची पार्टी रविवारी सकाळी कामावर जाताना पकडली जाऊ शकते, डोकं अगदी ठिकाणावर असलं तरी.

दुसऱ्या खात्यात डॉक्टर देतात ती औषधं: डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, मॉर्फिन. मर्यादा बऱ्याच वर आहेत, आणि औषध तुमच्यासाठी लिहून दिलेलं असेल, सांगितल्याप्रमाणे घेतलं असेल आणि गाडी नीट चालवता येत असेल तर कायदा बचावाची वाट देतो. आता आपल्या बॅगा आठवा. पुण्याहून येताना कुणीतरी दिलेली झोपेच्या गोळ्यांची पट्टी, कोडीनवालं खोकल्याचं औषध, "माझ्या गोळ्या घे, छान झोप लागेल" म्हणणारी मावशी. कोडीनचं शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन होतं. दुसऱ्याच्या नावाच्या पट्टीवर बचावाची वाट मिळेल असं समजू नका. सहा महिन्यांसाठी आलेले आजोबा नातवंडांना शाळेत सोडायला गाडी काढत असतील तर त्यांच्याही गोळ्या एकदा फार्मासिस्टला दाखवा. आणि होळीच्या थंडाईतली भांग ही आपल्या लेखी परंपरा असली तरी मशिनच्या लेखी टीएचसीच.

शिक्षेचा हिशेब: किमान एक वर्ष गाडी बंद, अमर्याद दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, गुन्ह्याची नोंद, आणि लायसन्सवर ११ वर्षं राहणारा शेरा. इन्शुरन्सचा आकडा मी इथे लिहीत नाही, तुमची झोप जाईल. नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य बघतात, तिथेही हे सांगावं लागतं. आणि ड्रगच्या अंमलाखाली गाडी चालवून कुणाचा जीव घेतला तर २८ जून २०२२ पासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. आधी कमाल १४ वर्षं होती.

काही जण म्हणतात, रक्तातला आकडा आणि प्रत्यक्ष नशा यांचा मेळ गांजाच्या बाबतीत नीट बसत नाही. बरोबर आहे, दारूइतका बसत नाही. पण रेषा कुठेतरी ओढावी लागतेच, आणि बेकायदा पदार्थ घेऊन दीड टनाचं लोखंड चालवणाऱ्याच्या बाजूने ती ओढावी असं मला वाटत नाही. आपल्या सावळ्या मुलांनाच जास्त अडवतील ही भीती मला जास्त खरी वाटते. पण त्यावर उपाय कायदा सैल करणं नव्हे. कुणाला, का थांबवलं याच्या नोंदी ठेवणं आणि त्या तपासणं हा आहे.

अर्धवट कुठे आहे? दारूचा निकाल पोलीस ठाण्यातल्या मशिनवर त्याच रात्री कळतो. ड्रग्जचं तसं नाही. रस्त्यावरची लाळेची चाचणी मुख्यतः गांजा आणि कोकेन दाखवते, आणि ती पुरावा म्हणून चालत नाही. त्यासाठी रक्त घेऊन लॅबला पाठवतात. रिपोर्टला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर तो माणूस गाडी चालवतोच. आरोप ठेवायची मुदत सहा महिन्यांची, आणि रिपोर्ट उशिरा आल्याने प्रकरणं बाद झाली आहेत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्येच रस्त्यावर कुणाचीही लाळेची चाचणी सुरू केली. तिथे जमलं ते इथे का जमू नये? लाळेचा नमुना पुरावा म्हणून धरा, चाचणी पॉझिटिव्ह आली की निकाल लागेपर्यंत लायसन्स काढून घ्या, आणि लॅबला पैसे द्या. या तीन गोष्टी पार्लमेंटने कराव्यात असं मी माझ्या खासदाराला लिहिलंय. तुमचा पासपोर्ट भारतीय असला तरी इथे राहणारे कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला मत आहे, मतदार यादीत नाव घाला. खासदार मतदाराचं पत्र वाचतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने दोघांचा बळी घेतला आणि अल्पवयीन ड्रायव्हरला जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा हाच ग्रुप पेटला होता. आईबापांना जाब विचारा, असं आपण सगळे म्हणत होतो. भारतात तशी तरतूद आहेही. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद. इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, आणि त्यानंतर मुलाच्या ड्रायव्हिंगबद्दल आईबापांना सहसा कुणी काही विचारत नाही.

माझा मोठा म्हणाला, "आई, मी घेतच नाही, मला कशाला सांगतेस?" मी म्हटलं, तू नाही घेत, पण तुला लिफ्ट देणारा? या वयात धोका शेजारच्या सीटवर जास्त असतो. पार्कात पडलेली लाफिंग गॅसची नळकांडी तुम्हीही पाहिली असतील. नशेसाठी तो जवळ ठेवणं नोव्हेंबर २०२३ पासून गुन्हा आहे. १७ च्या यादीत तो नाही, पण ताबा सुटल्याचं जुनं कलम त्याला लागतंच. आमच्या घरात ठरलंय: रात्री कितीही वाजता फोन आला तरी आमच्यापैकी एक जण गाडी घेऊन निघेल, परतताना गाडीत प्रश्न विचारायचे नाहीत. प्रश्न दुसऱ्या दिवशी, पोह्यांनंतर. नवऱ्याला हे पटायला दोन आठवडे लागले, कारण "म्हणजे आपण परवानगीच देतोय" असं त्याचं म्हणणं होतं.

खासदाराला लिहिलेल्या पत्राचा मसुदा हवा असेल तर मला मेसेज करा. एक पानी आहे, नाव-पत्ता बदलून अर्ध्या तासात जाईल.