आधी वाचा, मग एंटर!

बालदोस्तांनो, आज आधी माझीच एक चूक सांगते.

आमच्या शाळेतल्या संगणकावर लिनक्स आहे. त्यातल्या काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, आज्ञा टाइप करायची आणि एंटर दाबायचे. ती आज्ञा वाचून काम करून घेतो तो 'शेल'. आमच्याकडचा शेल आहे बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो १९८९ साली तयार केला.

बॅशची स्मरणशक्ती दांडगी! वर जाणारा बाण दाबला, की मागची आज्ञा पुन्हा हजर. टाइप करायचे कष्टच नकोत.

तिथेच घात झाला. मी 'जुने' या फोल्डरमधल्या सगळ्या फाइली पुसल्या आणि मुलांच्या चित्रांच्या फोल्डरमध्ये गेले. हवी होती यादी दाखवणारी आज्ञा. घाईत बाण दाबत गेले नि न वाचताच एंटर! पुसण्याची आज्ञा पुन्हा चालली, पण या वेळी चित्रांवर. असे पुसलेले कचरापेटीतही सापडत नाही. चौथीतली एक मुलगी विचारत होती, "बाई, माझा मोर कुठाय?" मला मान वर करवेना.

मग उपाय काय? तुमच्या वहीच्या समासात मी शेरा लिहिते. तो काही गणिताची पायरी नसतो, हो ना? बॅशमध्ये # ही खूण, म्हणजे हॅश, तेच काम करते. ओळीच्या सुरुवातीला हॅश असेल तर ती सगळी ओळ बॅश नुसती लक्षात ठेवतो, चालवत नाही! म्हणून धोक्याची आज्ञा आधी हॅश लावून लिहावी. मग बाणाने परत बोलवावी, नीट वाचावी, आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते पाहावे आणि मगच हॅश काढावा.

आज्ञेच्या शेवटीही एक जागा सोडून हॅश आणि शेरा लिहिता येतो. पुढे कंट्रोल धरून आर दाबा आणि शेऱ्यातला शब्द टाइप करा. आज्ञा सापडेल!

करून पाहा : आईबाबांना सोबत घ्या. इंग्रजीत ई, सी, एच, ओ लिहून जागा सोडा, पुढे स्वतःचे नाव लिहा. एंटर दाबा, नाव उमटेल. आता बाण दाबून ओळीच्या सुरुवातीला हॅश लावा. एंटर. काय झाले?

आणि तो मोर? तिने पुन्हा काढला. पण पहिल्यासारखा जमला नाही, असे तिचे म्हणणे. म्हणून सांगते, आधी वाचा, मग एंटर!