मेर्सिनला येऊन थांबलेले रूळ

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, सायप्रस बेटाच्या समोर, मेर्सिन नावाचा जो प्रांत पसरलेला आहे त्याचा नकाशा पुढे घेऊन त्यावर लोहमार्गाची रेघ शोधू लागले, तर ती पूर्वेच्या कोपऱ्यात थोडीशी दिसते आणि मेर्सिन शहराशी येऊन एकाएकी संपते. प्रांताचा किनारा सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा. परंतु शहराच्या पश्चिमेस असलेली एर्देमली, सिलिफ्के, अनामुर ही सगळी गावे आजही आगगाडीवाचून आहेत. तोरोस पर्वत समुद्रापर्यंत उतरला आहे, तेव्हा रूळ टाकायचे कोठे, असे कोणी विचारील, आणि त्या प्रश्नात तथ्य आहे. तथापि या मुलखातील वस्तीचा इतिहास लक्षपूर्वक पाहिला, तर रूळ थांबविण्याचा दोष एकट्या पर्वताच्या माथी मारणे न्याय्य नव्हे, असे माझे मत झाले आहे.

प्राचीनांनी या भूमीचे सपाट किलिकिया आणि खडबडीत किलिकिया असे दोन भाग कल्पिले होते, आणि ती विभागणी अजूनही डोळ्यांना दिसते. पूर्वेस नद्यांच्या गाळाने झालेले चुकुरोवाचे विस्तीर्ण मैदान, पश्चिमेस कडे, दऱ्या आणि लहान लहान खाड्या. या खाड्यांच्या आश्रयाने राहणाऱ्या चाच्यांनी रोमच्या व्यापाराला इतके जेरीस आणले, की ख्रिस्तपूर्व ६७ मध्ये सेनापती पाँपीला अमर्याद अधिकार देऊन त्यांच्यावर धाडावे लागले. त्याने केलेला बंदोबस्त मात्र विचार करण्याजोगा आहे. शरण आलेल्यांची सरसकट कत्तल न करता त्यांतील कित्येकांना त्याने ओसाड पडलेल्या सोली नगरात जमिनी देऊन वसविले, आणि त्या नगराला आपले नाव दिले. त्या नगराच्या राजमार्गावर दुतर्फा उभ्या असलेल्या स्तंभांपैकी चाळीसएक आजही मेर्सिनच्या पश्चिम उपनगरात ताठ उभे आहेत. दर्यावर्दी लुटारूला सुपीक मातीवर बसविले म्हणजे तो शेतकरी होतो, ही राज्यकारभारातील अक्कल दोन हजार वर्षांपूर्वीच्या सेनापतीला होती.

मैदानाचे प्राचीन वैभव तार्सुसचे. सेंट पॉलचे हे जन्मगाव. अँटनीच्या भेटीला क्लिओपात्रा आपली नौका घेऊन आली ती येथेच, ख्रिस्तपूर्व ४१ मध्ये. आणि उत्तरेकडील ग्युलेक खिंडीतून अनातोलियाच्या पठारावर जाणारी वाट तार्सुसच्याच दारातून निघते. आज समुद्रापासून दूर पडलेल्या या शहरात नौका आली कशी, असा संभ्रम वाचकाला पडेल. त्या काळी किद्नुस नदी एका उथळ सरोवरास मिळत असे आणि ते सरोवर हेच तार्सुसचे बंदर होते. पुढे गाळ साचत गेला, सहाव्या शतकात पुरानंतर जस्टिनियन बादशहाने नदीचा ओघ शहराबाहेरून वळविला, बंदराची दलदल झाली आणि दलदलीतून हिवताप उपजला. तो इतका चिवट की विसाव्या शतकात ती जमीन कोरडी करण्यासाठी निलगिरीचे संबंध अरण्य लावावे लागले. बंदर गेले तरी मैदानाला समुद्रावर उतरण्यासाठी एखादे दार हवेच होते, आणि त्या गरजेतून मेर्सिन जन्मास आले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेर्सिन हे नाव घ्यावे असे गाव नव्हते. (त्याच भूमीवर युमुकतेपे नावाची टेकडी आहे, जॉन गार्स्टंग यांनी १९३६ पासून ती खणली तेव्हा सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीपासूनच्या वस्तीचे थर एकाखाली एक निघाले. गाव नवे असले तरी जागा नवी नव्हती.) १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि त्या एका घटनेने दोन दूरच्या बंदरांचे नशीब पालटले. एक आपली मुंबई, जिथे कापसाच्या सट्ट्यात रातोरात धनवान झालेली मंडळी १८६५ मध्ये तितक्याच वेगाने धुळीस मिळाली. दुसरे मेर्सिन, जिथे सट्ट्याचा तो दिमाख नव्हता, पण चुकुरोवाच्या कापसाला गिऱ्हाईक मिळाले आणि किनाऱ्यावर वखारी उठल्या. मुंबईच्या इतिहासात या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मेर्सिनचा उल्लेख त्यात येत नाही.

उंटांच्या तांड्यांवरून येणारा कापूस लवकर बंदरावर पोहोचावा म्हणून १८८३ मध्ये उस्मानी सरकारने मेर्सिन ते अदाना या लोहमार्गाची सनद दिली. भांडवल मुख्यतः इंग्रज व फ्रेंच यांचे होते. अवघ्या ६७ किलोमीटरांचा हा मार्ग १८८६ मध्ये पुरा झाला. आजच्या डोळ्यांनी पाहिले तर त्याचे वैगुण्य असे, की तो सुरू झाला तेव्हा त्याला जोडायला बंदरच नव्हते. किनारा उथळ असल्यामुळे आगबोटी दूर समुद्रात नांगर टाकून उभ्या राहत. गाडीतून उतरलेले गठ्ठे हमालांच्या पाठीवरून लाकडी धक्क्यावर, धक्क्यावरून पडावांत आणि पडावांतून बोटीवर चढत. दक्षिणेचा वारा सुटला की सगळे काम बंद. खरे बंदर बांधायला प्रजासत्ताकाच्या काळात विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. तरीही शहर वाढले. त्यात सीरियाच्या किनाऱ्यावरून आलेले अरब शेतमजूर होते, लेबनॉनचे ख्रिस्ती व्यापारी होते, ग्रीक, आर्मेनियन, क्रीट बेटातून परागंदा झालेले मुसलमान, आणि पर्वतावरून उतरलेले योरूक मेंढपाळ. पहिल्या महायुद्धाने, आर्मेनियनांच्या हद्दपारीने आणि ग्रीसशी झालेल्या १९२३ च्या लोकसंख्या-विनिमयाने या गर्दीतील कित्येक चेहरे कायमचे पुसून टाकले. त्याचा हिशेब कोणत्याही रेल्वेच्या दप्तरात सापडावयाचा नाही.

याच ६७ किलोमीटरांच्या मार्गावरचे येनिजे हे स्थानक बगदाद रेल्वेमुळे जंक्शन झाले. जर्मनांनी तोरोसमधून बोगदे खोदून आणलेला तो लोहमार्ग येथे मैदानात उतरतो. त्या मार्गाच्या इतिहासाशी आपलाही एक दुःखद संबंध आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत-अल-अमारा येथे जी फौज तुर्कांना शरण गेली ती सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या, आणि कैद झालेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना याच रेल्वेच्या पूर्वेकडील टोकाला, रास-अल-ऐन येथे, मजुरीला जुंपण्यात आले. रोग आणि उपासमार यांमुळे त्यांतील कित्येक परत आले नाहीत. येनिजेचे नाव मात्र निराळ्याच कारणाने इतिहासात गेले: ३० आणि ३१ जानेवारी १९४३ रोजी चर्चिल आणि तुर्की अध्यक्ष इस्मेत इनोन्यू यांची भेट या लहानशा स्थानकात, आगगाडीच्या डब्यात झाली. तटस्थ तुर्कस्तानने युद्धात उतरावे असा चर्चिल यांचा आग्रह होता. इनोन्यूंनी आदरातिथ्य यथास्थित केले आणि वचन दिले नाही.

इतके सारे घडले ते पूर्वेच्या त्या एका कोपऱ्यात. पश्चिमेचा विचार कोणी केला? त्या बाजूला ग्योक्सू नदी आहे, जिच्या पात्रात १० जून ११९० रोजी जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा बुडाला. सेल्युकसने वसविलेले सिलिफ्के आहे. अनामुरच्या केळीच्या बागा आहेत. सारिकेचिली योरूकांची हिवाळी वस्ती आहे, जे अद्यापि उन्हाळा लागताच बकऱ्या घेऊन कोन्याच्या पठाराकडे निघतात. १९३३ मध्ये सरकारने सिलिफ्केकडचा इचेल प्रांत आणि मेर्सिन प्रांत एकत्र केले. नाव इचेलचे ठेवले, राजधानी मेर्सिनला नेली, आणि २००२ मध्ये ते नावही काढून घेतले. अशा रीतीने अर्धा प्रांत प्रथम कारभाराला आणि मग नावाला मुकला. शासनाचे हात तेथवर पोहोचत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच किनाऱ्यावर अक्कुयू येथे चार अणुभट्ट्यांचा अवाढव्य प्रकल्प उभा राहत आहे. जेथे अणुभट्टी नेता येते तेथे उतारूंचा डबा का नेता येत नाही, याचे उत्तर अभियंत्याने नव्हे, खजिनदाराने द्यावयाचे आहे.

सिलिफ्केपलीकडे, अनामुरपर्यंत, रूळ नेणे अतोनात खर्चाचे आहे, हे मला मान्य आहे; तेथे कडे थेट पाण्यात उतरतात. परंतु मेर्सिन ते सिलिफ्के हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर, आणि त्यातील पहिला बराच भाग लिंबाच्या बागांनी भरलेली सखल पट्टी. या पट्टीवर गेल्या काही दशकांत सुट्टीच्या इमारतींची उंचच उंच रांग उभी राहिली आहे, एका वस्तीला चिकटून दुसरी, आणि तिच्यामधून जाणारा एकच महामार्ग उन्हाळ्यात मोटारींनी तुंबतो. तिकडे अदाना आणि गाझिआंतेपच्या दिशेने द्रुतगती लोहमार्गाचे काम चालू आहे, आणि त्याची स्तुतीही होत आहे. वेग वाढावा, यास माझा विरोध नाही. पण मेर्सिन आणि अदाना यांच्यामधील जुन्या गाडीचे महत्त्व तिच्या वेगात कधीच नव्हते. तार्सुसचा विद्यार्थी, येनिजेचा कामगार, भाजीची टोपली घेऊन निघालेली बाई यांना ती परवडत होती आणि लहान स्थानकांवर थांबत होती, हेच तिचे महत्त्व. कापसासाठी घातलेल्या मार्गाचा खरा लाभ माणसांनी घेतला. असा लाभ पश्चिमेच्या रयतेला द्यावयाचा असेल, तर सिलिफ्केपर्यंतच्या मार्गाची आखणी आजच करून ती जमीन सरकारने राखून ठेवावी. रूळ दहा वर्षांनी टाकले तरी चालतील, पण ती पट्टी एकदा इमारतींनी व्यापली की मग कोणत्याही सरकारला ती मोकळी करता येणार नाही.